चामड्याचा पट्टा : ठसा, टाका आणि आपल्या भागातले कारागीर

पोळा जवळ आला की आपल्या भागातल्या बाजारांत घुंगरमाळा, गोंडे, झुली आणि बैलांच्या गळ्यातले चामडी पट्टे टांगलेले दिसतात. पट्टा रुंद असतो, त्यावर पितळी घुंगरे ओळीने शिवलेली असतात आणि कडेने वेलबुट्टी किंवा ठिपक्यांचे ठसे उठवलेले असतात. ज्या हाताला हा पट्टा करता येतो, त्याला माणसाच्या कमरेचा पट्टाही करता येतो. चामडे, ठसा आणि शिवण दोन्हीकडे सारखेच. आपण मात्र बैलाचा पट्टा पारखून घेतो आणि स्वतःचा पट्टा दुकानात रंग व बक्कल पाहून उचलतो. तो वर्ष-दीड वर्षात पापुद्रे सोडतो आणि आपण नवा घेतो.

हाताने ठसे उठवून शिवलेला पट्टा कसा होतो, चांगला कसा ओळखावा आणि त्याची किंमत जास्त का असते, याची माहिती मंडळाच्या सभासदांसाठी या लेखात एकत्र केली आहे.

पट्टा हा शब्द

मराठीत पट्टा म्हणजे लांब, अरुंद पट्टी. कमरपट्टा हा स्त्रियांचा दागिना आहे, तर दांडपट्टा हे शस्त्र आहे. जुन्या कचेऱ्यांतला शिपाई कमरेला किंवा खांद्यावरून पट्टा घाली आणि त्यावर पितळी बिल्ला असे, म्हणून तो पट्टेवाला. पुढे पट्टा गेला, नाव राहिले. आपल्याकडे बाजारात तेलुगू कारागिराशी बोलताना एक शब्द उपयोगी पडतो. चामड्याला तेलुगूत ‘तोलु’ म्हणतात.

आपल्या भागातली परंपरा

1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे भाग हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्यानंतर ते मराठी मुलखात गेले, आपण अलीकडे राहिलो. कास्तकारी दोन्हीकडे एकच, त्यामुळे शेतीला लागणाऱ्या चामडी वस्तूही एकच होत्या : विहिरीवरची मोट, जुवाला बैल जुंपायची जोती, चाबकाच्या वाद्या, घुंगरमाळा, चपला. कातडे कमावणे, ते कापणे आणि शिवणे ही कामे मराठी गावांत ढोर व चांभार समाजांनी, तेलुगू गावांत मादिगा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली. गावाचे पाणी त्यांनी शिवलेल्या मोटेतून शेतात जाई, पण त्यांना मात्र गावाच्या कडेलाच राहावे लागे. या कारागिरीबद्दल लिहिताना ही गोष्ट वगळता येत नाही.

विजेचे पंप आले आणि मोट गेली. ट्रॅक्टर आला आणि बैलजोड्या कमी झाल्या. कारखान्याच्या चपला आल्या आणि गावातल्या जोड्याला गिऱ्हाईक राहिले नाही. हातातली विद्या तीच, पण ती लावायला वस्तू उरल्या नाहीत. उरलेल्या थोड्या वस्तूंपैकी कमरेचा पट्टा ही एक. तो शहरातला माणूसही वापरतो, त्याला साचा लागत नाही आणि चपलेसारखे डाव्या-उजव्या पायाचे मापही नसते.

घुंगरांचे कामही आपल्याच भागाचे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनूर भागातील उशेगाव इथले वोज कारागीर मेणाच्या साच्यावर पितळ ओततात. ‘आदिलाबाद डोक्रा’ या नावाने त्या कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निर्मळच्या लाकडी खेळण्यांनाही ते मिळालेले आहे. चामड्याच्या कामाला आपल्याकडे असे नाव अजून नाही.

चामडे : सगळे इथेच ठरते

कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात तिला कातडे कमावणे म्हणतात. तिचे मुख्य प्रकार दोन.

पहिला झाडसालीचा. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात आणि मग बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या अर्कात मुरवतात. कोल्हापूरकडच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात आणि आत साल व हिरड्याचा अर्क भरतात. तो कातड्यातून झिरपत राहतो. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात. तरवड म्हणजे आपल्याकडचा तंगेडु, ज्याची पिवळी फुले बतुकम्मात रचतात. तेच तेलंगणाचे राज्यपुष्प आहे.

दुसरा प्रकार क्रोमचा. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे एक-दोन दिवसांत कमावले जाते. ते मऊ असते, पाण्याने लवकर बिघडत नाही आणि हवा तो रंग घेते. जगातले बहुतेक चामडे आज असेच तयार होते. बूट, पिशव्या, पाकिटे यांना ते चांगले.

पण ठसा क्रोमच्या चामड्यावर नीट टिकत नाही. ते लवचिक असते, दाबले तरी पुन्हा फुगून वर येते. झाडसालीचे चामडे ओले केल्यावर मातीसारखे दबते आणि वाळल्यावर तोच आकार धरून बसते. म्हणून हाताच्या ठशाचा पट्टा हवा असेल तर चामडे झाडसालीचेच लागते. कारागिराला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

पट्ट्यासाठी चामडे पाठीच्या भागाचे घेतात. पोटाचे चामडे सैल असते आणि ताणले जाते. जाडी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर आणि रुंदी रोजच्या पँटसाठी सव्वा ते दीड इंच.

अवजारे

चामडे कापायला आणि त्याची जाडी तासायला रापी. भोके पाडायला टोच्या. टोकाला आकडी असलेली आरी. लाकडी मोगरी, ठशांसाठी लोखंडी किंवा पितळी ठसे, खाली सपाट जड दगड. दोन बोथट सुया, मेण लावलेला सुती किंवा तागाचा दोरा. पाण्याची कुंडी. यातले बहुतेक सामान एका पेटीत मावते. ठसे अनेक कारागीर स्वतः घडवतात. जुना जाड खिळा किंवा सळईचा तुकडा घेऊन त्याच्या टोकावर कानशीने नक्षी कोरतात.

कृती

*माप आणि कापणे.* कमरेचे माप कपड्यावरून घेऊ नये, कारण पँटवर लिहिलेला आकडा आणि खरे माप यांत फरक असतो. जुना पट्टा घ्यावा आणि बक्कल जिथे दुमडली आहे तिथपासून आपण वापरतो त्या भोकापर्यंत मोजावे. ते माप 36 इंच, म्हणजे सुमारे 91 सेंटिमीटर आले असे समजू. बक्कल अडकवायला 7 सेंटिमीटर दुमड आणि मधल्या भोकापासून टोकापर्यंत 15 सेंटिमीटर धरले की पट्टी 113 सेंटिमीटरची होते. भोके पाच ठेवतात, एकमेकांपासून एक इंचावर. मधले भोक आपल्या मापाचे, दोन जाड होण्यासाठी आणि दोन बारीक होण्यासाठी. पट्टी लोखंडी पट्टीच्या आधाराने एका दमात कापतात. थांबत कापले तर कडेला पायऱ्या पडतात.

*ओलावणे.* पट्टी स्पंजने दोन्ही बाजूंनी ओली करून बाजूला ठेवतात. लगेच ठसा मारला तर चामडे चिखलासारखे होते आणि नक्षीच्या कडा विरघळतात. वरचा रंग पुन्हा फिका होऊ लागला, पण गालाला लावल्यावर गार लागते, ती ठसा मारायची वेळ. पोळीची कणीक तिंबून झाकून ठेवतात तसाच हा प्रकार. पाणी सगळीकडे सारखे मुरले पाहिजे.

*ठसा.* आधी कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढून घेतात. नक्षी त्या रेघांच्या आत बसते. ठसा सरळ धरायचा आणि मोगरीचा एकच घाव द्यायचा. दुसरा घाव दिला तर ठसा किंचित सरकतो आणि नक्षी दुहेरी दिसते. खोडरबर इथे चालत नाही. चुकलेला ठसा पट्ट्यावर कायमचा राहतो, म्हणून नवीन नक्षी आधी तुकड्यावर करून पाहतात. ओले चामडे ठोकताना लांब होते, त्यामुळे भोके ठसा झाल्यावर, पट्टी सावलीत वाळल्यावरच पाडतात. उन्हात वाळवलेले चामडे कडक होऊन तडकते.

*रंग आणि तेल.* रंग ठशानंतर देतात. खोलगट भागात रंग जरा जास्त बसतो आणि नक्षी उठून दिसते. मग थोडे तेल. जुन्या काळी चपलांना एरंडेल लावत. मोटेच्या चामड्याला करडईचे जाळून काढलेले काळे तेल चोपडत, म्हणजे पाणी धरत नसे.

*शिवण.* कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत खाच पाडतात, म्हणजे दोरा पृष्ठभागाखाली राहतो आणि घासून तुटत नाही. भोके चार मिलिमीटरच्या अंतराने. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढतात. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यावा लागतो. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा कापतात.

मोच्याच्या आरीची पद्धत वेगळी. आरी वरून खाली जाते, आकडीत खालचा दोरा अडकवून फास वर आणते आणि त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक काढून घेतात. ती वेगवान आहे आणि दुरुस्तीला उत्तम. यंत्राचीही गुंफण जवळजवळ अशीच, फक्त फास चामड्याच्या आत बसतो. फरक कळतो तो दोरा तुटल्यावर. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या टाक्यात एका जागी दोरा झिजला तरी त्याच भोकातला दुसरा पदर शिवण धरून ठेवतो.

*कडा.* कापलेली कड तासून गोल करतात, ओली करतात आणि लाकडाने किंवा जाड कापडाने घासतात. तंतू बसतात आणि कड काचेसारखी गुळगुळीत होते. यावर रंगाचा जाड थर देऊन कड झाकण्याची गरज उरत नाही.

किमतीचा हिशेब

बँकेत नोकरी केल्यामुळे हिशेब मांडायची सवय आहे. पट्ट्याच्या एका बाजूची शिवण सुमारे 105 सेंटिमीटर. चार मिलिमीटरला एक टाका म्हणजे 262 टाके. दोन्ही बाजू मिळून 524. सराईत हात मिनिटाला चार-पाच टाके घालतो असे धरले तरी नुसत्या शिवणीला जवळजवळ दोन तास. कापणे, ओलावणे, ठसे, रंग, कडा आणि बक्कल धरली तर एका पट्ट्याला निम्मा दिवस जातो. हाताच्या पट्ट्याची किंमत सांगितल्यावर ‘एवढे?’ म्हणण्याआधी निम्म्या दिवसाची मजुरी आठवावी. शिवाय चामडे आणि बक्कल वेगळे.

दुसरा हिशेब भांडवलाचा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका चर्मकाराचा कर्जाचा अर्ज आला. त्याला चामडे रोखीने घ्यायला पैसे हवे होते. उधारीवर चामडे देणारा व्यापारीच तयार माल घेई, दोन्हीकडचा भाव तोच ठरवी. आमच्या नमुन्यात यंत्रासाठी रकाना होता, कच्च्या मालासाठी नव्हता. मी शिलाई यंत्राचे कर्ज मंजूर केले आणि काम झाले असे समजलो. वर्षभराने गेलो तर यंत्र गोणपाटाखाली होते. चामडे अजून उधारीचेच होते आणि त्यात आता बँकेचा हप्ता वाढला होता. त्याने तक्रार केली नाही. चहा दिला. चूक माझी होती. तो काय मागतो आहे ते ऐकण्याऐवजी मी कागदात काय बसते ते पाहिले.

आजच्या योजना

17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या 18 व्यवसायांत चर्मकार व पादत्राणे बनवणारे कारागीर आहेत. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात होते. मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. तारण न घेता पहिले कर्ज 1 लाख रुपयांपर्यंत, मुदत 18 महिने. ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत दुसरे, मुदत 30 महिने. कारागिराला व्याज 5 टक्के पडते. वय किमान 18, लाभ कुटुंबातल्या एकालाच आणि सरकारी नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबांना तो मिळत नाही. आपल्या ओळखीतल्या कारागिराला अर्ज भरायला मदत करताना कच्च्या मालाची गरज स्पष्ट लिहायला सांगावे.

इतरत्र काय झाले

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंचे कारागीर एका नावाखाली आले, हे आपल्यासारख्या सीमाभागाने लक्षात घेण्यासारखे आहे. जून 2025 मध्ये इटलीतल्या प्रादा या कंपनीने तशाच चपला मिलानच्या प्रदर्शनात मूळ न सांगता दाखवल्या. इकडून आवाज उठल्यावर कंपनीने त्यांमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचे मान्य केले. नाव आधीच नोंदलेले होते म्हणून बोलायला आधार होता.

राजस्थानातल्या जवाजा इथे 1975 मध्ये रवी मथाई यांनी अहमदाबादच्या व्यवस्थापन आणि डिझाइन या दोन राष्ट्रीय संस्थांच्या मदतीने चर्मकार व विणकर यांच्यासोबत काम सुरू केले. नवे कौशल्य बाहेरून आणण्याऐवजी हातात असलेल्या कौशल्याला नवी वस्तू आणि स्वतःची बाजारपेठ देणे हा त्याचा गाभा होता. बंगालमधल्या शांतिनिकेतनच्या चामडी पिशव्यांवरही ओल्या चामड्यावर नक्षी दाबून वर रंग भरतात. त्यांनाही मानांकन आहे.

घेताना काय पाहावे

1. कापलेली कड किंवा भोकाची आतली बाजू पाहा. खऱ्या चामड्यात तंतू दिसतात. चामड्याचा चुरा चिकटवून केलेल्या पट्ट्यात थर किंवा भुसा दिसतो.
2. नख हलके दाबा. झाडसालीच्या कोऱ्या चामड्यावर खूण उमटते.
3. ठसे बारकाईने पाहा. हाताच्या ठशांत खोली किंचित कमी-जास्त असते. सगळे अगदी एकसारखे असतील तर ते बहुधा यंत्राने दाबलेले.
4. शिवण दोन्ही बाजूंनी पाहा. दोन सुयांचा टाका पुढून-मागून जवळपास सारखाच, किंचित तिरपा दिसतो.
5. बक्कलजवळची दुमड शिवलेली किंवा स्क्रूची आहे का पाहा. नुसती चिकटवलेली असेल तर घेऊ नका.

निगा

पट्टा भिजला तर सावलीत पसरून वाळवावा. पँटमध्ये तसाच ठेवून टांगू नये, बक्कलपाशी तोच बाक पडतो. वर्षातून एक-दोनदा तेलाचा हलका हात द्यावा, जास्त तेलाने चामडे सैल पडते. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून हवा लागू द्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. शिवण सुटली तर पट्टा टाकू नका, कारागिराकडे न्या. जुन्या भोकांतूनच नवा दोरा घालता येतो.

सभासदांना विनंती

ज्यांच्या घरी जुनी घुंगरमाळ, बैलाचा ठशांचा पट्टा किंवा मोटेचा तुकडा असेल, त्यांनी त्याचा फोटो मंडळाकडे द्यावा. करणाऱ्याचे गाव आठवत असेल तर तेही लिहावे. नक्षीचे नमुने एकत्र झाले तर आजच्या कारागिराला ते दाखवून पट्टा करून घेता येईल. यंदा पोळ्याच्या बाजारात बैलाचा पट्टा घेताना त्याच माणसाला आपल्या कमरेचे माप द्या. सोबत थोडी आगाऊ रक्कमही द्या, म्हणजे त्याला चामडे रोखीने घेता येईल.